नौपाड्यातील शिथिलीकरण वर्ग: सोळा संध्याकाळींचा हिशेब

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडच्या एका आतल्या गल्लीत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील लहानशा सभागृहात दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सव्वासात ते साडेआठ या वेळेत शिथिलीकरणाचा एक वर्ग चालतो. वर्गाला स्वतःचे नाव नाही आणि दारावर पाटीही नाही. येणारे सगळे त्याला ‘बाईंचा वर्ग’ म्हणतात, आणि बहुतेक जण कोणाच्या तरी सांगण्यावरून तिथे पोहोचलेले असतात. आठ आठवडे, सोळा सत्रे आणि एकूण शुल्क ३,२०० रुपये, म्हणजे सत्रामागे २०० रुपये पडतात. मी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दाखल झालो आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात वर्ग संपला. लेखा विभागात काम करणाऱ्या माणसाने मुद्दाम निवडावेत असे हे महिने नव्हेत, परंतु वर्गाचा कस लागायला तेच बरे ठरले.

मी तिथे का गेलो हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय पुढचे मत कोणत्या गरजेतून आले आहे ते कळणार नाही. नोव्हेंबरमधल्या एका सकाळी ठाणे स्थानकात ट्रान्स-हार्बर लोकलच्या फलाटाकडे उतरणाऱ्या पुलावर माझी छाती धडधडू लागली, तळहात घामाने ओले झाले आणि आपण आता इथेच कोसळणार अशी खात्री वाटू लागली. ईसीजी, रक्तदाब, साखर आणि थायरॉइड या सगळ्या तपासण्या व्यवस्थित निघाल्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी हा चिंतेचा झटका असल्याचे सांगितले आणि औषध सुरू करण्याआधी दोन-तीन महिने झोप, चालणे आणि शिथिलीकरण यांकडे लक्ष द्यावे, त्रास वाढल्यास मात्र लगेच यावे, असे सुचवले. त्यानंतरच्या महिन्यात मी मोबाइलवर ध्यानाचे एक ॲप घेतले, लॅव्हेंडरचे तेल आणि ते वाफेतून पसरवणारे यंत्र घेतले, आणि घराजवळच्या एका केंद्रात जाऊन २,२०० रुपये देऊन शिरोधाराही करून घेतली. यंत्र आता कपाटावर आहे.

वर्गात प्रवेश लगेच मिळत नाही, ही पहिली चांगली गोष्ट. बाई महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या फिजिओथेरपिस्ट असून योगशिक्षणाचा त्यांचा रीतसर अभ्यास झालेला आहे. वर्ग सुरू होण्याआधी त्या प्रत्येकाशी वीस-पंचवीस मिनिटे स्वतंत्र बोलतात. रक्तदाबाची गोळी कोणती, झोप किती, दम्याचा त्रास आहे का, पूर्वी कधी मानसोपचार घेतले आहेत का, घरात अलीकडे काही घडले आहे का, हे सगळे त्या एका जाड वहीत लिहून घेतात. माझ्या आधी बसलेल्या एका तरुणाला त्यांनी वर्गात घेतले नाही. त्याला तीन आठवडे झोप नव्हती आणि जगण्यात अर्थ वाटत नाही असे तो बोलून गेला होता. सभागृह इतके लहान आहे की हे संभाषण मला ऐकू आले, आणि ही त्या जागेची उणीवच म्हणावी लागेल, परंतु बाईंनी त्याला ज्या स्वरात सांगितले तो स्वर मी विसरलेलो नाही. “हा वर्ग तुला नंतर उपयोगी पडेल. आधी डॉक्टर. आज रात्री घरच्यांना सांग, आणि घरी सांगवत नसेल तर हा क्रमांक नीट लिहून घे, १४४१६.” हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक असून ती सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे चोवीस तास मराठीतही बोलता येते. १९०१ पासून मनोरुग्णालय असलेल्या आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था असलेल्या ठाण्यात मदत कुठे मागावी हा प्रश्न पडू नये. तरीही माणसे आधी तेलाच्या बाटलीकडे वळतात, आणि त्यात मीही होतो.

पहिली चार सत्रे पूर्णपणे स्नायूंवर आहेत. श्वासाचा, ध्यानाचा किंवा मनाचा उल्लेखही होत नाही. एडमंड जेकबसन या अमेरिकी वैद्यकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत विकसित केलेली पद्धत इथे वापरली जाते. शरीराचा एकेक भाग आधी ताणायचा, काही क्षण तसाच धरायचा आणि मग एकदम सोडायचा. उजवी मूठ, उजवा दंड, मग डावा हात, कपाळ, जबडा, मान, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या आणि शेवटी पावले असा क्रम असतो. सात मोजेपर्यंत आवळायचे आणि सोडल्यावर वीस मोजेपर्यंत त्या भागाकडे नुसते लक्ष द्यायचे. हे वाचायला बाळबोध वाटते आणि पहिल्या दिवशी करतानाही तसेच वाटले. त्यामागील युक्तिवाद मात्र पटण्यासारखा आहे. सतत आवळलेला स्नायू आवळलेला आहे हेच माणसाला जाणवेनासे होते, त्यामुळे ‘सैल सोडा’ ही सूचना त्याच्या शरीरापर्यंत पोहोचतच नाही. मुद्दाम जास्त आवळून मग सोडले की दोन्हींमधला फरक कळतो.

माझ्या बाबतीत हा फरक जबड्यात सापडला. दुसऱ्या सत्रात सगळे चटयांवर पडलेले असताना बाई फिरत फिरत माझ्या डोक्याशी थांबल्या आणि म्हणाल्या, “ओठ मिटलेले राहू देत, पण दात दातांवर ठेवू नका.” मी दात विलग केले आणि कानाच्या पुढे, जिथे जबड्याचा सांधा असतो तिथे, दुखरे काहीतरी सरकल्यासारखे झाले. दोन वर्षांपूर्वी दंतवैद्याने माझ्या दाढा झिजल्याचे सांगून रात्री दातांवर घालायचे कवच करून दिले होते, ते मी आठवडाभर वापरून सोडून दिले होते. दिवसाही मी दात आवळून बसतो हे मला एक्कावन्नाव्या वर्षी त्या चटईवर कळले. आता कार्यालयातील संगणकाच्या कडेला मी एक पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे आणि तिच्यावर फक्त ‘दात’ असे लिहिले आहे. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला वाटते की मला दंतवैद्याकडे जाण्याची आठवण ठेवायची आहे.

एक इशारा येथे द्यायला हवा. पोटऱ्या ताणताना पाऊल पुढे ताणण्याऐवजी बोटे आपल्याकडे वळवावीत असे बाई सांगतात, आणि ज्यांनी ऐकले नाही त्यांच्या पोटरीत गोळा आला. त्यांतला एक मीच.

श्वासाचा भाग तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला आणि तिथे माझे बिनसले. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या, एवढेच सांगितले होते. दोन मिनिटांत मला श्वास अपुरा पडतो आहे असे वाटू लागले, म्हणून मी मोठे मोठे श्वास घेतले, त्यासरशी ओठांभोवती मुंग्या आल्या आणि पुलावरची ती सकाळ पुन्हा समोर उभी राहिली. मी उठून खिडकीपाशी गेलो. शांत होण्यासाठी गेलेल्या जागी अशी भीती वाटणे मला अपमानास्पद वाटले आणि उरलेले पैसे परत मागावेत असाही विचार मनात आला. बाईंनी वर्ग तसाच चालू ठेवून मला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवले, डोळे उघडे ठेवायला सांगितले आणि समोरच्या इमारतीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे मोजायला लावले. नऊ कपडे होते, त्यांतले दोन शाळेचे गणवेश. सत्र संपल्यावर त्यांनी सांगितले की शिथिल होऊ लागताच काही जणांची चिंता उलट वाढते, हा प्रकार अनेकांच्या बाबतीत आढळतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षे शरीर पहाऱ्यावर ठेवले आहे, त्याला पहारा उठवणे हाच धोका वाटतो.

त्यानंतर त्यांनी जे समजावले ते या वर्गातील सर्वांत मोलाचे ज्ञान होते असे मी म्हणेन. घाबरलेल्या माणसाला आपण ‘खोल श्वास घे’ असे सांगतो, आणि तो बिचारा घेतच राहतो. गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर केली की रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोके हलके होते, ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, आणि ही लक्षणे पाहून माणूस आणखी घाबरतो. म्हणून भर घेण्यावर न ठेवता सोडण्यावर ठेवायचा. बाईंनी प्रत्येकाला स्वतःच्या मनगटावर नाडी धरायला लावली आणि सावकाश श्वास सोडताना ठोके किंचित लांबतात व घेताना जवळ येतात हे बोटांना जाणवेपर्यंत थांबवले. श्वास सोडताना हृदयावरील व्हेगस नावाच्या चेतातंतूचा लगाम जरा घट्ट होतो, एवढेच त्यामागचे शरीरशास्त्र. मला ते चौथ्या-पाचव्या प्रयत्नात जाणवले. इतके दिवस माझे हृदय माझे ऐकत नाही असे मी धरून चाललो होतो, आणि इथे ते अगदी थोडेसे का होईना, पण ऐकत होते.

प्रमाण सोपे आहे. चार मोजेपर्यंत नाकाने घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सोडायचा आणि जोर करायचा नाही. सेकंदाला एक अशा गतीने मोजले तर मिनिटाला सहा श्वास होतात. प्रौढ माणूस विश्रांतीत साधारण बारा ते वीस घेतो, म्हणजे ही गती निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. मला आरंभी सहापर्यंत सोडणे जमत नव्हते, तेव्हा तीन आणि चारवर थांबायला सांगितले गेले. ठाण्याहून कोपरखैरणेपर्यंतच्या गाडीत मी हे आता रोज करतो. ऐरोलीपर्यंत एक हात वरच्या कडीला धरलेला असतो, दुसऱ्या हाताची बोटे मोजत असतात आणि शेजारचे प्रवासी मला बहुधा जपकरी समजतात. तसे समजण्यात फारशी चूकही नाही. हार्वर्डमधील हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की एखादा शब्द शांतपणे पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्याने आणि मध्ये येणाऱ्या विचारांशी झगडा न केल्याने हृदयाची व श्वासाची गती उतरते. माझी आई रोज संध्याकाळी माळ घेऊन बसायची आणि त्या वेळात तिला हाक मारलेली चालत नसे. तिला बेन्सन माहीत असण्याचे कारण नव्हते.

भ्रामरीबद्दल, म्हणजे गुणगुणत श्वास सोडण्याच्या प्राणायामाबद्दल, माझे मत मध्यम आहे. गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो, त्यामुळे ज्यांना मोजण्याचाच ताण येतो त्यांच्यासाठी ही युक्ती उत्तम आहे. परंतु बारा जण एका लहान खोलीत वेगवेगळ्या पट्टीत गुणगुणू लागले की खालच्या मजल्यावरून निरोप येतो. तो आला. पुढच्या सत्रापासून आम्ही भ्रामरी अगदी हळू केली, आणि गंमत म्हणजे हळू केलेलीच मला अधिक मानवली.

योगनिद्रेला तीन सत्रे दिली आहेत. मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी रूढ केलेली ही पद्धत, म्हणजे शवासनात पडून सूचनांबरोबर शरीराच्या एकेका अवयवावरून मन फिरवत नेणे, मराठी घरांत आता पुष्कळ परिचित आहे. नाव निद्रा असले तरी झोपायचे नसते, असे बाई सुरुवातीला बजावतात आणि दहाव्या मिनिटाला सभागृहात घोरण्याचे किमान दोन सूर ऐकू येतात. मी एकदा घोरलो, एकदा जागा राहिलो आणि एकदा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होतो. तो तिसरा अनुभव फार सुखाचा होता, पण मला तो घरी पुन्हा मिळालेला नाही. घरी सरावासाठी व्हॉट्सॲपवर दिले जाणारे ध्वनिमुद्रण हे त्याचे एक कारण असावे. ते याच सभागृहात, खिडक्या उघड्या ठेवून केलेले आहे. ‘आता लक्ष डाव्या गुडघ्यावर’ असे शब्द येतात न येतात तोच खालून रिक्षाचा लांबलचक हॉर्न वाजतो. आता तर गुडघा जवळ आला की मी हॉर्नचीच वाट पाहू लागतो. सत्रामागे २०० रुपये घेणाऱ्या वर्गाने एवढी एक फीत पुन्हा मुद्रित करायला हवी, आणि हे मी बाईंना लेखी कळवले आहे.

सहाव्या आठवड्यातील एक सत्र रविवारी सकाळी येऊरला असते. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, हा शब्द प्रचारात आणला. झाडांमध्ये सावकाश, काही साध्य करण्याचा हेतू न ठेवता वावरणे हा त्याचा आशय, आणि ठाणेकरांना त्यासाठी कुठे लांब जायला नको, कारण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्वेकडचा कडा आपल्या उंबऱ्याशी आहे. फेब्रुवारीचा शेवट असल्याने काटेसावरीला एकही पान नव्हते आणि लाल, जाडसर पाकळ्यांची फुले खाली मातीत पडली होती. तांबटाचा ठोक्यासारखा आवाज कुठून येतो हे शोधण्यात मी दहा मिनिटे घालवली आणि तो दिसला नाही, तरी त्या दहा मिनिटांत मार्चअखेरची एकही फाइल आठवली नाही. नियोजन मात्र ढिसाळ होते. जाताना परिवहनच्या बसने गेलो, येताना बस चुकली, रिक्षा मिळेना आणि सुट्टीच्या दिवशी वर चढणाऱ्या मोटारींच्या रांगेतून उपवनपर्यंत चालत उतरावे लागले. आमच्यातल्या गुडघेदुखी असलेल्या आजींना ते झेपण्यासारखे नव्हते. बिबट्याचा वावर असल्याने उजाडण्याआधी जाऊ नये हे ठीक, पण आठऐवजी सातला भेटलो असतो तर मोटारींच्या आधी परतलो असतो.

आहार आणि झोप यांवरचे एकमेव सत्र हे या अभ्यासक्रमाचे सर्वांत कच्चे अंग आहे. अस्पष्ट छायाप्रत काढलेले एक पान वाटले गेले, त्यात हळदीच्या दुधापासून मोबाइल बाजूला ठेवण्यापर्यंत सगळे एका दमात होते. त्यातील एकच गोष्ट बाईंनी नीट उलगडून सांगितली. चहा-कॉफीतील कॅफीनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला घेतलेला कडक चहा रात्री साडेअकरालाही निम्मा शिल्लक असतो. मी साडेचारनंतरचा चहा बंद केला. याच सत्रात एका सहभागी गृहस्थांनी अश्वगंधाच्या गोळ्यांची जाहिरात सुरू केली, तेव्हा बाईंनी त्यांना स्पष्ट शब्दांत थांबवले. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी, झोपेची औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ती डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये, आणि वनस्पतीपासून केले म्हणून निर्धोक असे समजू नये, असे त्यांनी सांगितले. वर्गात काहीही विकले जात नाही. चटया, तेले, पुस्तके, मण्यांच्या माळा, काही नाही. अशा ठिकाणांचा मला आलेला अनुभव पाहता ही बाब वेगळी नोंदवली पाहिजे.

शिरोधारेशी तुलना करण्याचा मोह होतो, कारण पैसे दोन्हीकडे मीच दिले. कपाळावर कोमट तेलाची धार पडत असताना मला जे स्वास्थ्य वाटले ते खोटे नव्हते. त्या पाऊण तासात मी कोणत्याही सत्रापेक्षा अधिक गाढ विसावलो होतो. पण ते स्वास्थ्य त्या टेबलावरच राहिले. दुसऱ्या दिवशी पुलावर उतरताना माझ्यापाशी त्यातले काही नव्हते, फक्त केसांना तेलाचा वास होता. शिवाय तिथल्या स्वागतकक्षातील मुलीने दहा बैठकांचे पॅकेज घेतल्यास चिंता मुळापासून जाईल असे सांगितले होते. बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले की चिंता जाणार नाही, ती आली तर तिच्याबरोबर कसे बसायचे एवढे जमेल, आणि तेही रोज पंधरा मिनिटे सराव केला तरच.

परिणामाचे मोजमाप म्हणून प्रत्येकाला एका वहीत रोज रात्री शून्य ते दहा यांतला एक आकडा लिहायला सांगतात. शून्य म्हणजे पूर्ण स्वस्थ. पहिल्या आठवड्यातील माझी सरासरी सातच्या जवळ होती आणि आठव्या आठवड्यातील साडेचारच्या. आकड्यांवर पोट भरणारा माणूस असल्याने मला हे सांगणे भाग आहे की यातून फारसे काही सिद्ध होत नाही. याच काळात मी संध्याकाळचा चहा सोडला, रोज चालू लागलो आणि तपासण्या चांगल्या आल्याचा दिलासाही मिळालेला होता. वर्ग संपल्यावर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आकडा दोनदा आठवर गेला. ३० मार्चच्या रात्री अकरा वाजता ताळेबंदातील फरक सापडेना तेव्हा छाती पुन्हा धडधडू लागली. मी प्रसाधनगृहात जाऊन भिंतीला पाठ टेकली, मुठी आवळल्या, सोडल्या, दात विलग केले आणि सहा मोजत श्वास सोडत राहिलो. धडधड थांबायला बारा-तेरा मिनिटे लागली. नोव्हेंबरमध्ये ती पाऊण तास चालली होती आणि मी रुग्णालयात गेलो होतो. फरक सकाळी एका दुबार नोंदीत सापडला.

इतर तक्रारी किरकोळ आहेत, पण जाणाऱ्याला माहीत असाव्यात. इमारतीला लिफ्ट नाही. सव्वासातची वेळ घोडबंदरच्या बाजूने येणाऱ्यांना जमत नाही, आणि आमच्यातल्या दोघींनी चौथ्या आठवड्यातच येणे सोडले. चुकलेले सत्र भरून मिळत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत, हे मात्र आधी स्पष्ट सांगितले जाते. वर्ग संपल्यानंतर महिन्यातून एखादे उजळणी सत्र असावे अशी आम्हा सगळ्यांची मागणी होती, ती अजून मान्य झालेली नाही. सभागृहातील भिंतीवरचे घड्याळ फार मोठ्याने टिकटिकते, पण बाई प्रत्येक सत्राच्या आधी स्टुलावर चढून त्यातला सेल काढून ठेवतात, त्यामुळे त्या खोलीत नेहमी कोणती तरी भलतीच वेळ झालेली असते.

पुढचा वर्ग शाळा सुरू झाल्यानंतर जूनमध्ये आहे आणि जागा बाराच असतात. गुडघ्यांचा किंवा पाठीचा त्रास असल्यास खुर्ची मागून घ्यावी, ती न कुरकुरता मिळते. अंथरायची चादर स्वतःची न्यावी, आणि पंख्याखाली अर्धा तास निश्चल पडल्यावर पावसाळ्यात पाय गार पडतात म्हणून पिशवीत मोज्यांची एक जोडी असू द्यावी.